रमिलाताईंचे उंदीर

रमिलाताईंना कुणी शास्त्रज्ञ म्हटलं की त्या खाली बघायच्या. कॉलेजात नवीन आलेल्या माणसाला ते फार आवडायचं. एवढं मोठं काम करून आलेली बाई, पण जराही तोरा नाही, असं जो तो म्हणायचा. मीही तसंच समजत होते. त्या खाली बघतात ते विनयानं नाही, हे कळायला मला त्यांच्याबरोबर एका घरात राहावं लागलं.

शहाद्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघींनी मिळून वरचा मजला भाड्यानं घेतला होता. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. त्या प्राणिशास्त्राच्या, चाळिशी ओलांडलेल्या. कॉलेजात वसावे मॅडम आणि घरी ताई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालायला भरभर. केस इतके घट्ट बांधायच्या की कपाळाची कातडी ताणल्यासारखी दिसायची. स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरतानाही दारावर बोटानं टकटक करायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "सवय आहे गं. उंदरांच्या खोलीत एकदम घुसायचं नाही. घाबरलेल्या उंदराचं रक्त वेगळं वागतं." बोलायच्याही हळू. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरं गप्प बसायची, कारण गप्प बसल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही.

आमच्या घरात उंदीर झाले तेव्हा मी बाजारातून विषाच्या वड्या आणल्या. ताईंनी पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि ते कपाटावर ठेवून दिलं.

"हे नको. यानं रक्त गोठणं थांबतं. उंदीर आतल्या आत वाहत राहतो. लवकर मरत नाही."

"मग काय करायचं? पाळायचे?"

"पिंजरा आण. मी मारते."

आणि खरंच, पिंजऱ्यात सापडलेला पहिला उंदीर त्यांनी मागच्या मोरीत नेला, मानेवर बोट दाबून शेपटीला एक हिसका दिला. तो हललासुद्धा नाही. मला वाटलं होतं बाईंना मुक्या जिवाची दया आली. हात धुऊन आल्यावर त्याच म्हणाल्या, "दया येते. पण मी फार मारलेत. किती, ते विचारू नकोस."

त्या संध्याकाळी चहा पिताना त्यांनी मला रक्त कसं गोठतं ते सांगितलं. मी एम.एस्सी. झालेली, प्लेटलेट हा शब्द मला डेंग्यूच्या रिपोर्टपुरता माहीत. ताई म्हणाल्या, "पाटाचा बांध फुटला की काय करतात? माती टाकून भागत नाही, माती वाहून जाते. आधी माणसं पाण्यात उतरतात, एकमेकांचे हात धरून आडवी उभी राहतात. मग त्यांच्या अंगाला माती थांबते. प्लेटलेट म्हणजे ती माणसं. आणि ज्या हातानं ती एकमेकांना धरतात ना, तो हात म्हणजे एक प्रोटीन. असे बरेच हात असतात. त्यातल्या एका हाताचं माझं काम."

तो हात कशासाठी आहे हे कळायचं तर तो नसलेला प्राणी बघायचा. म्हणून नॉकआउट उंदीर. उंदराच्या जनुकांत त्या प्रोटीनची जी कृती लिहिलेली असते, तेवढी एक बंद करायची आणि तसे उंदीर वाढवायचे. वर्गात हे सांगितलं तेव्हा लोणखेड्याकडचा एक मुलगा उभा राहिला होता. "मॅडम, नॉकआउट म्हंजे कबड्डीमा ऱ्हास तसं का?" सगळा वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच. एक गडी बाहेर काढायचा आणि मग संघ कसा खेळतो ते बघायचं."

तोच मुलगा पुढे एकदा सांगत होता, "मॅडम, आम्ही केळीले नवं खत टाकं, घड जबर उना."

"कुणापेक्षा?" ताईंनी विचारलं.

"मांगला सालपेक्षा."

"मागच्या साली पाऊस एवढाच होता? बेणं हेच होतं?"

"नही."

"मग तुला काय कळलं? त्याच वावरात, त्याच दिवशी लावलेली एक ओळ खताशिवाय ठेव. तिच्याशी ताडून बघ."

हा 'कुणापेक्षा' त्यांच्या तोंडी सतत असायचा. पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायची. कँटीनमध्ये कुणी म्हणालं आज भजी चांगली झाली, की दुसरा हळू आवाजात विचारायचा, कुणापेक्षा? ताईंनी एकदा ते ऐकलं. मला वाटलं त्यांना गंमत वाटेल. त्यांचा चेहरा मात्र मारल्यासारखा झाला.

त्यांचा शोध काय होता ते जिल्ह्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं, अर्धवट का होईना. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत त्या बरीच वर्षं होत्या. तिथे ते प्रोटीन नसलेल्या त्यांच्या उंदरांत रक्तवाहिनीत गाठ फार उशिरा धरायची, पण जखम झाली तर रक्त मात्र नेहमीइतकंच वाहून थांबायचं. म्हणजे हा एक हात औषधानं अडवला तर हृदयाचा झटका, लकवा टळेल आणि माणूस रक्तस्रावानंही मरणार नाही. पेपरात फोटो आला होता. ज्याचं नर्मदाकाठचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं त्या बापाची मुलगी, तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत वाढलेली, आश्रमशाळेत शिकलेली आणि आता हा शोध. ते कात्रण त्यांच्या वडिलांनी, खेमजीबाबांनी, लॅमिनेट करून घरात लावलं होतं. मी वसाहतीत गेले तेव्हा बाबांनी मला पाण्याच्या आधी ते दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. फोटोवर बोट ठेवून ते आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले. मी ताईंकडे बघितलं. "म्हणतात, कोट पांढरा आहे, पण माझीच आहे," ताई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

एवढं सगळं सोडून त्या शहाद्याला का आल्या, तर वडील एकटे आहेत म्हणून. सगळ्यांना ते पटलं होतं.

अधूनमधून त्यांना एक फोन यायचा. नाव दिसलं की त्या गॅलरीत जायच्या आणि परत आल्या की सरळ आपल्या खोलीत जायच्या. एका सुट्टीच्या दुपारी बाबांनी पाठवलेल्या तुरीच्या शेंगा आम्ही सोलत बसलो होतो. फोन आला. त्यांनी उचलला नाही. तो वाजायचा थांबला आणि त्या म्हणाल्या, "शर्वरी आहे. माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. अजून करतेच आहे."

"मग घ्या ना."

"काय बोलू तिच्याशी?"

मग त्यांनी शेंगा सोलता सोलताच सांगितलं. नॉकआउट उंदीर एका जातीच्या उंदरांच्या पेशींपासून करतात आणि मग दुसऱ्या, काळ्या जातीच्या उंदरांशी पिढ्यान्‌पिढ्या जोड लावत नेतात. पुरेशा पिढ्या गेल्या नाहीत तर पहिल्या जातीचे तुकडे अंगात इकडेतिकडे उरतात. म्हणून नॉकआउट उंदराची तुलना त्याच्या सख्ख्या भावंडांशी करायची, एकाच आईच्या पोटच्या, ज्यांच्यात ते प्रोटीन शाबूत आहे. म्हणजे फरक राहिला तर तो त्या प्रोटीनचाच. ताईंनी तुलना केली होती ती बाहेरून विकत आणलेल्या काळ्या उंदरांशी. भावंडं वाढवायला वेळ लागतो, आणि त्या वेळी सगळ्यांना घाई होती.

"शोध छापून आला. नाव झालं. मग एकदा बाहेरचे उंदीर वेळेवर आले नाहीत, म्हणून मी भावंडांवर प्रयोग केला. फरकच नाही. पुन्हा केला. नाही. गाठ उशिरा धरत होती ती भलत्याच कुठल्या तरी जनुकामुळे. माझ्या प्रोटीनचा काही संबंधच नव्हता."

"चूक झाली ताई. चुका होतात."

"चूक झाली हे मला ठाऊक आहे. ते नाही सांगत मी." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "त्यानंतर वर्षभर मी गप्प बसले. आणि त्या वर्षात शर्वरी माझ्याच निकालावर तिचं काम उभं करत होती. तिनं सुरुवातीपासून भावंडंच घेतली होती, मी शिकवलं होतं तसं. रोज सकाळी यायची, ताई, माझ्या उंदरांत फरक का येत नाही? मी म्हणायचे, तुझा हात अजून बसलेला नाही. पुन्हा कर."

खाली दुकानात कुणीतरी मोटार चालू करून बघत होतं. ती बंद होईपर्यंत त्या थांबल्या.

"पुन्हा कर म्हणजे पुन्हा मार. तिनं किती मारले असतील. मग मला तिचं तोंड बघवेना. राजीनामा दिला, बाबांचं कारण सांगितलं आणि इकडे आले. ती अजून फोन करून विचारते, ताई, हात कसा बसवायचा."

 समोर तुरीचा ढीग होता, तो आम्ही संपवला.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी सत्काराचं निघालं. आश्रमशाळेतले तरुण शिक्षक दिलीप पाडवी आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं, आपल्या आदिवासी समाजातली शास्त्रज्ञ बाई इथं शिकवते आणि आपण तिला साधी शाल दिली नाही. कॉलेजचं सभागृह घेतलं. स्टँडवर फलक लागला. पांढऱ्या कोटातल्या ताई, खाली 'सातपुड्याची शान'. ताई प्राचार्यांकडे नाही सांगायला गेल्या. मी बरोबर होते. प्राचार्य मनमोकळा माणूस, घरी-दारी अहिराणीच बोलायचे. म्हणाले, "मॅडम, बॅनर लागी गयं. पाव्हना येई ऱ्हायनात. आते नही म्हनशात त मन्ही इज्जत जाई." ताई तशाच बाहेर आल्या.

कार्यक्रमाला वसाहतीतली माणसं पिकअप भरून आली होती. खेमजीबाबा पुढच्या खुर्चीत, डोक्याला नवा पांढरा फेटा, हात गुडघ्यांवर. आश्रमशाळेतली एक लहान मुलगी बोलायला उभी राहिली, पाठ केलेलं विसरली आणि मग आपल्या मनाचं म्हणाली, "मला पण मोठी झाल्यावर उंदीर पाळायचे आहेत." सगळे हसले. ताईंना शाल घातली, नारळ दिला. त्या माइकपाशी गेल्या, शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली.

"ज्या शोधासाठी तुम्ही मला बोलावलंत, तो शोध चुकीचा आहे."

मागून टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, बाई नम्रपणे बोलतेय. ताई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, वर्गात सांगायच्या तसं, सोपं करून. बाहेरचे उंदीर, भावंडं, गप्प बसलेलं वर्ष, शर्वरी. आवाज नेहमीइतकाच हळू होता, त्यामुळे सभागृह शेवटी अगदी चिडीचूप झालं. मग वडिलांकडे बघून त्या आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण बाबांनी आधी उजवीकडच्या माणसाकडे बघितलं, मग डावीकडच्या, आणि मग आपल्या पायांकडे बघत राहिले. फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला.

आभार कुणी मानलेच नाहीत. माणसं खुर्च्या न वाजवता उठून गेली.

आम्ही प्राचार्यांच्या खोलीत बसलो होतो, तिथे दिलीप रागानं शिरला. "ताई, आमच्या पोरी कॉलेजात आल्या की आधीच म्हणतात, जातीच्या दाखल्यावर आल्या. आता म्हणतील, शास्त्रज्ञ झाली तीसुद्धा खोटीच निघाली. तुम्ही त्यांच्या हातात आयतं दिलंत."

"खरं आहे," ताई म्हणाल्या.

"त्या मुलीला सांगितलंय तुम्ही? शर्वरी की कोण?"

ताईंनी हातातला नारळ टेबलावर ठेवला.

"नाही ना? मग आमच्यासमोर कशाला? तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून आमचा कार्यक्रम वापरलात तुम्ही."

प्राचार्य त्याला गप्प करायला उठले. ताईंनी हातानं त्यांना बसायला सांगितलं. "बोलू द्या. बरोबर बोलतोय तो."

घरी येताना स्टँडवरून यावं लागायचं. फलक तसाच होता. त्याखाली दोन बाया टोपल्या घेऊन नवापूरच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. त्यातली एक फलकाकडे आणि मग ताईंकडे बघून ओळखीचं हसली. ताई तिथेच थांबल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना गल्लीत आणलं. 

दुसऱ्या दिवशी त्या नंदुरबारहून गाडीत बसल्या, सुरतेला उतरून पुढे दक्षिणेत, संस्थेच्या शहरात गेल्या. फोनवर सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. परत आल्या तेव्हा मी काही विचारलं नाही. चार दिवसांनी भाजी निवडताना आपणहून बोलल्या.

"उंदरांच्या खोलीतच होती. पाण्याच्या बाटल्या बदलत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हातातली बाटली पिंजऱ्याला नीट लावली. ओरडली नाही. म्हणाली, तुम्ही म्हणायचात हात बसला नाही. मी घरी जाऊन माझे हात बघत बसायचे ताई. सुट्टीत नागपूरला गेले की आईला विचारायचे, माझा हात थरथरतो का गं? मग म्हणाली, आता जा तुम्ही."

"आणि तुम्ही?"

"आले."

त्यानंतर त्यांनी नियतकालिकाला कळवून तो शोधनिबंध रीतसर मागे घेतला. चूक कशी झाली ते लिहून ती स्वतःच्या नावावर घेतली. त्यांचे जुने मार्गदर्शक फोनवर बराच वेळ बोलत होते, ताई फक्त "हो सर" म्हणत होत्या. कॉलेजनं नोकरीवरून काढलं नाही, पण विज्ञान मंडळाचं काम त्यांच्याकडून गेलं आणि स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं बदलायचं. मुलं मागे 'उंदीरवाली' म्हणायची. खेमजीबाबांनी बरेच आठवडे तळोद्याचा बाजार टाळला. लोक काही विचारत नव्हते, पण त्यांना वाटायचं विचारतील. कात्रण त्यांनी काढलं नाही. ताईंनी काढायला हात घातला तर म्हणाले, राहू दे, फोटो तर तुझाच आहे. हे सांगताना ताईंना रडू आलं. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा बघितलं.

मी एकदा मूर्खासारखं म्हणाले, "ताई, आता तरी हलकं वाटत असेल."

"नाही वाटत. दिलीप म्हणाला ते आठवतं. त्या मुलीची वर्षं गेलीच ना? मी कबूल केलं म्हणून ती परत येत नाहीत."

दिलीप पुढे कधीतरी आश्रमशाळेतल्या मुलींना घेऊन प्रयोगशाळा दाखवायला आला. ताईंनी बेडकाचं हृदय, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त, सगळं दाखवलं. जाताना तो दारात घुटमळला आणि "येतो मॅडम" एवढंच म्हणाला. आधी तो त्यांना ताई म्हणायचा.

शर्वरीनं काम सोडलं नाही. अंगात उरलेल्या परक्या तुकड्यांपैकी गाठीला नेमकं कोण उशीर करतं, हेच तिनं शोधायला घेतलं आणि शेवटी ते जनुक शोधून काढलं. तिचा निबंध आला तेव्हा ताईंनी तो कॉलेजच्या प्रिंटरवर काढून घरी आणला आणि जमिनीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मधेच म्हणाल्या, "काय सुंदर काम केलंय पोरीनं." शेवटचं पान आलं. आभारात बरीच नावं होती, ताईंचं नव्हतं. त्यांनी कागद नीट जुळवले, टाचणी लावली आणि भाताला पाणी ठेवायला उठल्या.

मग बाबा गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी धुळ्याला बदली ठरली. सामान बांधत होते तेव्हा ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शर्वरीचा निरोप आला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला सुरतेला नोकरी लागली होती, ती नागपूरला आईकडे निघाली होती आणि तिची गाडी नंदुरबारला थांबणार होती. 'स्टेशनवर याल का' एवढंच लिहिलं होतं.

"तू येतेस का बरोबर?" ताई म्हणाल्या. "मला एकटीनं उभं राहवणार नाही."

दुपारची वेळ, फलाटावर ऊन चटके देत होतं. सोबत काय न्यावं हे त्यांना ठरवता आलं नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या हातानं आल्या होत्या. पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. गाडी आली, डबा आमच्या अंदाजापेक्षा बराच पुढे गेला आणि ताई पळत सुटल्या. मी मागे. दारात एक चष्मेवाली, उंच मुलगी उभी होती. ती खाली उतरली नाही.

ताई दारापाशी जाऊन थांबल्या. मग शर्वरीनं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"गेले. फाल्गुनात."

"मला कळलं नाही."

"मी कळवलं नव्हतं."

शर्वरीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "ताई, मी माफ नाही केलेलं तुम्हाला. ते सांगायला नव्हतं बोलावलं, पण आता समोर आहात तर खोटं कशाला बोलू?"

"नको करूस."

"बघावंसं वाटलं होतं. बास."

गाडी हलली. ताई डब्याबरोबर चालू लागल्या, वर बघत. शर्वरी दारातला दांडा धरून खाली बघत होती. वेग वाढला तशी ती म्हणाली, "सावलीत जा ताई, ऊन आहे." ताईंनी मान हलवली आणि चालत राहिल्या. फलाटावरचं छप्पर मागेच राहिलं होतं, त्या पुढे गेल्या. शेवटचा डबा गेला तेव्हा त्या फलाटाच्या टोकाला, उतार जिथे रुळांत जातो, तिथे पोचल्या होत्या.

मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. मी छपराखालच्या बाकावर बसले. त्या तशाच भर उन्हात उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर न घेता, रुळांकडे तोंड करून.